पेटंट आणि शेअरचा भाव

पेटंट हें शेताभोंवतालचें कुंपण होय. तें परक्याला आंत येऊं देत नाहीं, परंतु पिकाची हमी देत नाहीं. अमेरिकेंतील प्राइसलाइन कंपनीचें उदाहरण पाहावें. विमानाच्या तिकिटाची किंमत इंटरनेटवर ग्राहकानेंच सांगावी, या पद्धतीचें पेटंट ऑगस्ट १९९८ मध्यें मंजूर झालें. कंपनी तोट्यांत असतांही मार्च १९९९ मध्यें १६ डॉलरला विकलेला तिचा शेअर पहिल्याच दिवशीं ६९ डॉलरवर बंद झाला. २००० अखेर तो २ डॉलरांच्याहि खालीं गेला. पेटंट तेंच होतें, खरेदीदारांची गर्दी मात्र ओसरली होती. म्हणून शेअर घेणाऱ्यानें दोन प्रश्न निरनिराळे विचारावे : या हक्कापासून नफा किती होतो, आणि आजचा भाव त्या नफ्यावर उभा आहे कीं केवळ इतरांच्या उत्साहावर?