गॅरेज सेल : मोडीच्या भावात सापडलेले ऐवज

घरात वापरात नसलेल्या वस्तू स्वतःच्याच दारात मांडून दोन-तीन दिवसांत विकून टाकायच्या, या अमेरिकी रिवाजाला गॅरेज सेल म्हणतात. मांडामांड अंगणात असली तर तोच यार्ड सेल होतो. घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर सगळा संसारच विकायला काढला, तर त्याला इस्टेट सेल म्हणतात. ब्रिटनमध्ये लोक मोकळ्या मैदानात मोटारी उभ्या करून डिकीतूनच विक्री करतात; तिथले नाव कार बूट सेल. रस्त्याच्या कोपऱ्यावर खांबाला चिकटवलेला पुठ्ठा ही या बाजाराची पाटी, आणि वस्तूवरच्या चिकटचिठ्ठीवर पेनाने लिहिलेला आकडा हा त्याचा भाव. शिकायला अमेरिकेत गेलेल्या कितीतरी मराठी मुलांच्या पहिल्या बिऱ्हाडातले टेबल, दिवा आणि कढई इथूनच आलेली असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर स्वतंत्र घरांच्या वसाहती वाढल्या. घराला जोडून मोटारीची खोली आली आणि वस्तू स्वस्त झाल्यामुळे ती हळूहळू अडगळीने भरली. आपल्याकडे माळ्याचे जे होते तेच तिथे गॅरेजचे झाले. त्याआधी चर्चच्या मदतीसाठी जुन्या वस्तू गोळा करून विकण्याची पद्धत होतीच. तिला रमेज सेल म्हणत, आणि त्या शब्दाचे मूळ जहाजावर माल रचण्याच्या कामात आहे. आता हा व्यवहार घरोघरी आला. १९८७ साली टेनेसी राज्यात महामार्ग १२७ च्या कडेने अशा विक्रीची रांग लावण्याची कल्पना निघाली. आज ती मिशिगनपासून अलाबामापर्यंत सहा राज्यांतून ६९० मैल, म्हणजे सुमारे १,११० किलोमीटर पसरते आणि ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी सुरू होऊन रविवारपर्यंत चालते.

दुकानदार भाव लावतो तेव्हा त्याला खरेदी, भाडे आणि नफा यांचा हिशेब असतो. गॅरेज सेलमध्ये मालकाला मुख्यतः जागा रिकामी व्हायला हवी असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी सकाळचा भाव निम्म्यावर येतो आणि उरलेले कधी फुकटही दिले जाते. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेचेन हरमन यांनी या विक्रीचा बारकाईने अभ्यास केला. इथला सौदा खरेदी-विक्री आणि भेट यांच्या मधोमध असतो, वस्तू चांगल्या घरी जातेय असे वाटले की मालक आपणहून भाव उतरवतो, असे त्यांना दिसले. मौल्यवान वस्तू मातीमोलाने जाते तिचे कारण मात्र वेगळे आहे. वस्तू घेणारा आजोबा ती काय आहे हे जाणून होता. नातवाच्या हाती आली तेव्हा फक्त वस्तू आली, माहिती आली नाही. मग वाडग्याचा भाव वाडगा म्हणून ठरतो. या बाजारातले जे सौदे गाजले, ते या तुटलेल्या धाग्यातूनच निघाले.

न्यूयॉर्क राज्यातला डिंग वाडगा हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. २००७ साली एका कुटुंबाने गॅरेज सेलमध्ये तीन डॉलरला एक छोटा पांढरा वाडगा घेतला आणि दिवाणखान्यात शेकोटीवरच्या फळीवर ठेवून दिला. काही वर्षांनी त्यांना त्याच्याविषयी कुतूहल वाटले आणि त्यांनी तो जाणकारांना दाखवला. तो निघाला चीनच्या उत्तर सोंग राजवटीतला, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. आजच्या हबेई प्रांतातल्या डिंग भट्ट्यांची ही पांढरी भांडी चिनी मातीकामात फार वरच्या मानाची. दगडी कोळशावर भाजल्याने त्यांच्या पांढऱ्यात हस्तिदंताची ऊब येते, आणि चकाकी ओघळून बाहेरच्या अंगावर ज्या रेषा उमटतात त्यांना पारखी लोक अश्रूंच्या खुणा म्हणतात. या वाडग्याचा व्यास जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. त्याच घाटाचा, मापाचा आणि जवळपास तशाच नक्षीचा दुसरा एकच वाडगा ठाऊक होता, तो ब्रिटिश म्युझियममध्ये. मार्च २०१३ मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या लिलावगृहाने दोन ते तीन लाख डॉलरचा अंदाज ठेवला होता. लंडनचे व्यापारी ज्युसेप्पे एस्केनाझी यांनी तो २२ लाख २५ हजार डॉलरला घेतला.

कनेक्टिकटमधल्या यार्ड सेलची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे घेणाऱ्याला काहीतरी दिसले होते. निळ्या नक्षीच्या एका वाडग्याला ३५ डॉलर सांगितले गेले. त्याने घासाघीस न करता ते दिले आणि छायाचित्रे लिलावगृहाकडे पाठवली. वाडगा पंधराव्या शतकातला, मिंग घराण्यातल्या योंगल सम्राटाच्या काळचा, कमळकळीच्या घाटाचा होता. तसे जगात मोजून सात. बाकीचे तैपेई, लंडन, तेहरान अशा ठिकाणच्या संग्रहालयांत. मार्च २०२१ मध्ये त्याला ७,२१,८०० डॉलर आले. तळहाताला लागणारा चकाकीचा रेशमी गुळगुळीतपणा आणि निळ्या रंगाचा गडद ठिपकेदार उठाव, या खुणा जाणकाराला आधी बोलतात.

कधी जुनी कारागिरीच वस्तूला लपवते. १९८० च्या दशकात लंडनजवळच्या एका कार बूट सेलमध्ये दहा पौंडांना घेतलेली अंगठी तिच्या मालकिणीने पुढची सुमारे तीस वर्षे रोज, बाजारहाट करतानासुद्धा घातली. खडा काचेचा असावा असेच तिने धरले होते. एकोणिसाव्या शतकातले पैलू आजच्यासारखे लखलखत नाहीत आणि कोंदण काळवंडलेले होते. एवढा मोठा खडा खरा कसा असेल, हाही विचार आड आला. तो २६.२७ कॅरेटचा हिरा होता. जून २०१७ मध्ये तो ६,५६,७५० पौंडांना विकला गेला.

पण मोडीत जाता जाता वाचलेल्या वस्तूंत फाबेर्जेच्या अंड्याची बरोबरी कशालाच नाही. रशियाच्या झार घराण्यासाठी कार्ल फाबेर्जे यांच्या कारखान्याने ईस्टरच्या भेटीची पन्नास अंडी घडवली. त्यांतले तिसरे, १८८७ चे, झार तिसरा अलेक्झांडर याने महाराणी मारिया फ्योदोरोव्हना हिला दिले होते. उंची ८.२ सेंटिमीटर, बाहेर सोने, आत व्हाशेरॉन कॉन्स्टान्टिन या कंपनीचे घड्याळ. १९०२ साली ते सेंट पीटर्सबर्गच्या प्रदर्शनात दिसले, क्रांतीनंतर १९२२ च्या सरकारी नोंदीत आले आणि मग नाहीसे झाले. १९६४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते २,४५० डॉलरला विकले गेले, पण सूचीत त्याची नोंद सोन्याचे घड्याळ अशी होती. पुढे अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या जुन्या बाजारात ते भंगार सोन्याच्या एका व्यापाऱ्याला सुमारे १४,००० डॉलरला मिळाले. वितळवून पाचशे डॉलर सुटतील असा त्याचा हिशेब होता. गिऱ्हाइकांनी कस लावला, ओरखडे काढले आणि भाव जास्त म्हणून परत केले. हिशेब चुकला म्हणूनच अंडे वितळले नाही.

इकडे २०११ साली फाबेर्जेच्या अभ्यासकांना त्या जुन्या सूचीतले छायाचित्र ओळखू आले आणि लंडनच्या वृत्तपत्रात त्याची बातमी छापली गेली. २०१२ साली त्या व्यापाऱ्याने अंडे आणि घड्याळावरचे नाव हे दोन शब्द इंटरनेटवर शोधले, तेव्हा ती बातमी समोर आली. वार्त्स्की या लंडनच्या जवाहिऱ्यांनी ते एका संग्राहकासाठी विकत घेतले आणि एप्रिल २०१४ मध्ये काही दिवस लोकांना पाहायला ठेवले. धातूचा भाव धातूला असतो, हे सराफाचे गणित इथे पुरे पडले नसते.

फिलाडेल्फियाचा मुद्रक जॉन डनलॅप याने ४ जुलै १७७६ च्या रात्री अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला, त्या छापाची एक प्रतही अशीच मिळाली. १९८९ साली पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅडम्सटाउनच्या जुन्या बाजारात एकाने चौकट आवडली म्हणून चार डॉलरला एक चित्र घेतले. चित्रामागे घडी केलेला कागद निघाला. १९९१ साली त्याला २४ लाख २० हजार डॉलर आले, २००० साली ८१ लाख ४० हजार. चित्रापेक्षा चित्राची पाठ आधी पाहावी, हा नियम जुन्या बाजारात हिंडणारे लोक पाळतात त्यामागे असे अनुभव आहेत.

सापडण्याने अर्धेच काम होते. वस्तू तीच आहे हे सिद्ध व्हावे लागते. मॅसॅच्युसेट्समधल्या एका घराच्या आवराआवरीत २०१६ साली तीस डॉलरला गेलेले माता आणि बालकाचे रेखाचित्र घेणाऱ्याने छापील नक्कल समजूनच घेतले होते. पुढे कागदात त्रिशूळ आणि कड्याचे जलचिन्ह दिसले, ते जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या अनेक कागदांवर आढळते. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयातले ड्यूररतज्ज्ञ क्रिस्टोफ मेत्झगर यांनी चित्र अस्सल मानले. उलट बाजूही आहे. कॅलिफोर्नियात ४५ डॉलरला घेतलेल्या काचेच्या निगेटिव्ह थोर छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या आहेत, असा दावा २०१० साली झाला. त्यांची किंमत २० कोटी डॉलर सांगितली गेली, पण अ‍ॅडम्स यांचा न्यास तो दावा मान्य करेना. प्रकरण कोर्टात जाऊन तडजोडीने मिटले. माहितीशिवाय वस्तू मुकी राहते, आणि खोट्या माहितीने ती नको ते बोलू लागते.

मग मालकीचा प्रश्न. अमेरिकी कायद्यात चोराला मालकी नसते, म्हणून ती तो पुढे देऊ शकत नाही. घेणारा कितीही प्रामाणिक असो. वेस्ट व्हर्जिनियातल्या जुन्या बाजारात सात डॉलरच्या खोक्यात मिळाले असे सांगितलेले फ्रेंच चित्रकार रेन्वाचे छोटेसे नदीकाठचे चित्र २०१२ साली लिलावाला आले. तेव्हा १९५१ साली बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टमधून ते चोरीला गेल्याची जुनी नोंद हाती लागली आणि जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने चित्र संग्रहालयाला दिले. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सेवाभावी संस्थेच्या दुकानात २०१८ साली ३४.९९ डॉलरला विकला गेलेला संगमरवरी अर्धपुतळा दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन निघाला. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने आशाफेनबुर्गला बांधलेल्या पॉम्पेयानुम या वास्तूत तो होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तिथून गेला. वर्षभर सॅन अँटोनिओच्या संग्रहालयात ठेवल्यावर तो जर्मनीकडे परत गेला. या दोन्ही प्रकरणांत घेणाऱ्याची वस्तू गेली, तरी झाले ते योग्यच झाले.

मालकीचा आणखी एक पदर शिकागोच्या व्हिव्हियन मायर यांच्या बाबतीत उघडला. लोकांची मुले सांभाळून पोट भरणाऱ्या या बाईंनी आयुष्यभर रस्त्यावरची छायाचित्रे काढली आणि कुणाला दाखवली नाहीत. भाडे थकले म्हणून २००७ साली त्यांचे सामान लिलावात गेले. जॉन मालूफ यांनी सुमारे ३८० डॉलरला हजारो निगेटिव्हचे खोके घेतले. २००९ साली मायर वारल्या. त्यांची कीर्ती त्यानंतर जगभर पसरली. मात्र निगेटिव्ह विकत घेतली म्हणून चित्राचा स्वामित्वहक्क मिळत नाही, तो छायाचित्रकाराच्या वारसांचा असतो. या मुद्द्यावर नंतर कोर्टकचेरी झाली.

महाराष्ट्रात घरमालक स्वतः दारात वस्तू मांडत नाही. जुनी लुगडी बोहारणीला जातात, तांब्यापितळेची भांडी वजनावर मोडीत जातात, रद्दी आणि लोखंड भंगारवाल्याला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात वस्तू पोहोचते तोवर ती व्यापाऱ्याच्या हातून गेलेली असते. घराच्या पायरीवरच वस्तू गाठण्याचे काम पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी केले. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दौती, भांडी, कोरीव दारे जमवायला सुरुवात केली, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केलेला हा संग्रह शासनाच्या हाती सोपवला. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तो आहे.

भारतात कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी ठाऊक हव्यात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, आणि मूर्ती व चित्रांसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. जमिनीत पुरलेला ऐवज सापडला तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागू होतो; दहा रुपयांवरच्या मोलाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. जुने घर आवरताना आजीचा तांब्या मोडीत टाकण्याआधी तो एकदा पालथा करून पाहावा, आणि चित्राची चौकट भंगारात देण्याआधी तिची पाठ उघडावी.