आत्याचा हात

आमच्या आत्याचे घर डहाणूला, चिकूच्या वाडीत. उभा जन्म तिने गोडाच्या सावलीत काढला, पण मधुमेहाचे नाव निघाले की म्हणायची, "ते तुम्हां शहरातल्या लोकांचे दुखणे!" गोळ्या डब्यात आणि डबा फडताळात, असा तिचा औषधोपचार.

गेल्या चैत्रात तिचा डावा हात आपला आपणच हलू लागला. आधी बोटे चाळवत, मग मनगट वळे. दोन दिवसांत सबंध हात असा भिरकावू लागला की, चहाची कपबशी भिंतीवर! मी एम. ए. झालेला, कॉलेजात शब्दांचे बारकावे शिकवणारा. पण मला सुचले काय? "आत्या, हात आवर की जरा!"

"अरे, तो माझे ऐकत असता तर!" ती कळवळून म्हणाली. ते वाक्य आजही टोचते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "वारे आले असेल. महालक्ष्मीची जत्रा जवळ आलीय, नवस बोला." मला धास्ती अर्धांगाची. घरी कामाला येणारी तलासरीकडची बाई मात्र म्हणाली, "आजींचा हात झोपेत गप असतो. बघा तुम्ही." खरेच, आत्या झोपली की हातही झोपे!

हे ऐकताच डॉक्टरांनी आत्याचे बोट टोचले. एक थेंब रक्त, आणि साखर ४८०! उपाशीपोटी ती १००च्या आत हवी.

लगेच तलासरीवरून वापी गाठली आणि मेंदूचा सीटी स्कॅन काढला. उजव्या बाजूला, खोलवर, पांढरा डाग. ताजे रक्त असेच पांढरे दिसते, एवढे मला ऐकून ठाऊक होते. माझे धाबे दणाणले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "रक्तस्राव असता तर भोवती सूज दिसली असती, शेजारचा भाग दाबला गेला असता. हा डाग त्या एका केंद्राच्या आकारात नेमका बसलाय." एम. आर. आय.मध्येही तीच जागा उजळ दिसली.

त्या केंद्राचे नाव पुटामेन. लॅटिनमध्ये याचा अर्थ टरफल! पण या टरफलाकडे काम मोठे. नको त्या हालचालींना लगाम घालणाऱ्या यंत्रणेचा तो एक भाग. साखर बेसुमार वाढली की तिथल्या पेशींचे पोषण बिघडते आणि लगाम सैल होतो. उजवा मेंदू डावे अंग चालवतो, म्हणून हात डावा. डाग पांढरा का, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कोणी रक्ताचे सूक्ष्म ठिपके म्हणतात, कोणी सुजलेल्या पेशी.

१९६०मध्ये बेडवेल यांनी अशा रुग्णाची नोंद केली, तेव्हा मेंदूत डोकावायला ही खिडकीच नव्हती. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला तो १९७१ साली, लंडनमध्ये. त्याबद्दल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९चे नोबेल मिळाले. पुढे असे रुग्ण आशियातल्या उतारवयाच्या स्त्रियांत अधिक आढळले. म्हणजे आपल्याच आत्या, मावश्या आणि आज्या!

इन्सुलिन आणि सलाइन सुरू झाले. आठवड्याभरात हात शांत झाला. बहुतेकांचा असाच होतो. काहींना मात्र पुढेही औषध लागते. काही महिन्यांनी पुन्हा चित्र काढले, तेव्हा डागही पुसट झाला होता.

वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा एका बाजूचा हात किंवा पाय अचानक असा नाचू लागला, तर रागावू नका आणि नवसासाठी थांबू नका. पक्षाघातही असू शकतो, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि साखर तपासली का, हे आवर्जून विचारा.

परवा आत्याकडे गेलो होतो. करंज्यांना मुरड घालीत बसली होती. डाव्या तळहातावर करंजी, उजव्या हाताची बोटे कडेवर. एकही फुटली नाही. माझ्यापुढे ताट सरकवून म्हणाली, "तू खा. मला नुसते बघणे पुरे." गोळ्यांचा डबा आता फडताळात नाही, तिच्या पाटाशेजारी असतो.