मोबाईल बंद करायचा, की कॉलेज?

गेल्या वर्षी शाळा सुटण्याच्या वेळी एक आई आम्हाला भेटायला आली. तिची मुलगी दहावीपर्यंत आमच्याच शाळेत होती. उर्दू माध्यमातून चांगल्या गुणांनी पास झाली, सायन्स घेतले, बी.एस्सी.ला गेली. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच मुलगी. पहिल्या वर्षाच्या निकालात तिला दोन विषयांत एटीकेटी लागली होती. आई डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, रात्री एक वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईल असतो. तिचे अब्बा म्हणतात, मोबाईल बंद आणि कॉलेजही बंद. एक स्थळ आलंय. तुम्हीच सांगा, काय करू?"

कसूर मोबाईलचा होता, पण शिक्षा तालीमला होणार होती. मुलगा नापास झाला तर घरात दोन दिवस ओरडा बसतो. मुलीच्या बाबतीत मात्र तेवढे कारण पुरते आणि तिचे शिक्षणच थांबते. म्हणूनच हा विषय वाचक भगिनी आणि बांधवांपुढे ठेवावासा वाटला.

हे घरात आले कसे?

फार जुनी गोष्ट नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट एकदम स्वस्त झाले. त्याआधी एक जीबी डेटा लोक महिनाभर पुरवून वापरत. मग २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा-कॉलेजे बंद पडली आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. कित्येक घरांत कर्ज काढून, दागिना मोडून मुलांसाठी मोबाईल घेतला गेला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. म्हणजे अभ्यासासाठी म्हणून मोबाईल हातात आला आणि त्याच वर्षी त्यात ही करमणूकही येऊन बसली.

ही करमणूक संपत नाही, हीच तिची खरी मेख आहे. पूर्वी संकेतस्थळावर पान संपले की पुढचे उघडावे लागे. २००६ मध्ये आझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने बोट सरकवत राहिले की मजकूर आपोआप येत राहील अशी रचना केली. तिच्या परिणामांबद्दल पुढे त्यांनी स्वतःच खेद व्यक्त केला. पुस्तकातला धडा संपतो, दस्तरखान उचलले जाते, पण रील काही संपत नाही. अठरा वर्षांच्या पोरीने रात्री एक वाजता आपणहून थांबावे अशी अपेक्षा आपण करतो. मोठ्यांना तरी ते जमते का?

संशोधन काय सांगते?

रेनॉल जंको या अमेरिकी संशोधकाने २०१२ मध्ये अठराशेहून अधिक कॉलेज विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकवर जास्त वेळ घालवणाऱ्यांचे गुण कमी असल्याचे त्यात दिसले. पण माहिती मिळवणे, ती इतरांना पाठवणे असा वापर करणाऱ्यांच्या बाबतीत चित्र उलटे होते. त्याआधी २०११ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सव्वाशे विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. एका गटाला शिक्षकांनी ट्विटरवरून चर्चेचे विषय दिले, कामाची आठवण करून दिली, प्रश्न विचारायला लावले. सत्राच्या शेवटी या गटाचा अभ्यासातला सहभाग वाढला होता आणि त्यांचे गुणही दुसऱ्या गटापेक्षा चांगले होते.

म्हणजे साधन तेच असले तरी त्याचा वापर कशासाठी होतो आणि त्यात शिक्षक सोबत आहेत की नाहीत, यावर बरेच अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी विद्यार्थ्यांना लक्ष देऊन सोडवायची कामे दिली. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांनी ती चांगली केली, ज्यांचा फोन समोर टेबलावर होता ते मागे पडले. फोन वाजत नव्हता, तरीही. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत निकाल इतका स्पष्ट आला नाही, हेही सांगायला हवे. पण करून पाहायला पैसे लागत नाहीत.

समजले आणि आले, यांत फरक

त्या मुलीला आम्ही घरी बोलावले. रागावलो नाही, फक्त विचारले. ती म्हणाली, "मॅडम, कॉलेजात सगळं इंग्रजीत. मला कळत नाही, विचारायची लाज वाटते. म्हणून यूट्यूबवर बघते. तिथं सगळं समजतं. पेपरात मात्र काही आठवत नाही."

वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली ही मुलगी रात्री मोबाईलवर उस्ताद शोधत होती. रसायनशास्त्राचा एक व्हिडिओ संपला की खाली दुसरा, मग तिसरा, आणि तिसरा रसायनशास्त्राचा नसायचाच. शिवाय नुसते पाहिल्याने समजल्यासारखे वाटते. रोडिगर आणि कारपिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला सगळे येते असे वाटते, पण आठवड्यानंतर जास्त लक्षात राहते ते पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्याच. आपल्याकडे जुने लोक पाठ केलेला सबक उस्तादांना म्हणून दाखवायचे, त्यात हेच शहाणपण होते.

मग आम्ही काय केले?

मोबाईल काढून घेणे शक्यच नव्हते. कॉलेजचे वेळापत्रक व्हॉट्सॲप ग्रुपवर, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, त्याचा ओटीपी मोबाईलवर. आम्ही तिच्या अब्बांनाही बोलावले. ते रिक्षा चालवतात. बोलता बोलता लेक हळूच म्हणाली, "अब्बा, तुम्हीपण जेवताना रील्स बघता ना?" क्षणभर ते गप्प राहिले, मग हसले. तिथून बोलणे सोपे झाले.

ठरले ते असे. मगरिबनंतर दोन तास घरातले सगळे मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर राहतील, अब्बांचाही. व्हिडिओ पाहायचा तर एकच, आणि तो संपला की मोबाईल ठेवून वहीत आपल्या शब्दांत दहा ओळी लिहायच्या, उर्दूत लिहिल्या तरी चालतील. अडलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी सरांना विचारायचा, वर्गात नाही जमले तर बाहेर. झोपताना मोबाईल अम्मीच्या उशाशी. आणि स्थळाचा विषय पदवी होईपर्यंत नाही. ही शेवटची अट आमची होती.

एक कबुली आम्हीही दिली पाहिजे. रात्री दहा वाजता शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ टाकणारे आम्हीच. मुलांना मोबाईल उघडायला आम्ही लावतो आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवरून आम्हीच बोलतो. आता गृहपाठ फळ्यावर लिहून देतो.

पुढच्या परीक्षेत तिचा एक विषय सुटला, एक अजून बाकी आहे. फळीवरचा नियम कधी पाळला जातो, कधी मोडतो. पण परवा ती वही दाखवायला आली. सुरुवातीची पाने उर्दूत होती, मग उर्दूत इंग्रजी शब्द मिसळत गेले आणि शेवटचे पान सगळे इंग्रजीत होते. स्पेलिंगच्या चुका होत्या, पण लिहिलेले तिचे स्वतःचे होते.

पालकांना एवढीच विनंती की मूल मागे पडले तर आधी त्याच्याजवळ बसा आणि काय अडते ते विचारा. मोबाईलचे काय करायचे ते नंतर ठरवता येईल, पण कॉलेजचे दार एकदा बंद झाले की ते पुन्हा उघडणे आपल्या मुलींसाठी फार कठीण असते.