परवलीचा शब्द

रात्रीच्या वेळी गडावर येणाऱ्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. तो चुकला की दरवाजा उघडत नसे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या दारीही असाच पहारा असतो. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ती प्रसिद्ध केली. एकाच यंत्रावर अनेकांना काम करता यावे, अशी तिची रचना आहे; म्हणून प्रत्येकाचे खाते निराळे आणि परवलीचा शब्दही निराळा. या सर्वांवर एक मुख्य खाते असते. त्याचा क्रमांक शून्य, नाव ‘रूट’. या खात्याच्या कारभाऱ्यास कोणाचीही फाईल उघडता येते, आणि मनात आणल्यास एका आज्ञेसरशी सारे यंत्र कोरे करता येते.

मग इतरांचे परवलीचे शब्दही त्याला वाचता येतात काय? लिनक्सच्या जन्मापूर्वी काही संगणकांवर तसे होते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या एका संगणकात हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. एकदा एक कारभारी ती यादी सुधारीत होता, तर दुसरा त्या दिवसाची सूचना लिहीत होता. यंत्राच्या हातून दोन्ही लेखांची अदलाबदल झाली, आणि जो कामास बसे त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे गुप्त शब्द छापून येऊ लागले!

लिनक्स मूळ शब्द साठवीतच नाही. त्यावर गणिताची अशी प्रक्रिया करते की, अक्षरांची एक निरर्थक ओळ तयार होते. तीच काय ती जपली जाते. जात्यातून पडलेल्या पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत, तसाच हा प्रकार. शब्द टंकित केला की तो पुन्हा दळला जातो, व दोन्ही ओळी जुळल्या तर दार उघडते. दोघांनी योगायोगाने एकच शब्द निवडला, तरी ओळी सारख्या निघू नयेत म्हणून दळताना प्रत्येकाच्या शब्दात वेगळी अक्षरे मिसळतात. जाणकार त्यांना ‘मीठ’ म्हणतात! तरीही ओळी चोरीस गेल्यास चोर शब्दकोशातील एकेक शब्द दळून ताडून पाहू शकतो. सोपा शब्द अशाने तत्काळ सापडतो. कोणी आपला शब्द विसरला, तर रूटलाही तो सांगता येत नाही. नवा मात्र देता येतो.

एवढी सत्ता सतत हाती बाळगणे धोक्याचे असल्यामुळे, सुमारे १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात ‘सुडू’ नावाची सोय निघाली. तिच्या योगे कारभारी बहुधा स्वतःचाच परवलीचा शब्द देऊन एका आज्ञेपुरता रूटचा अधिकार उसना घेतो. आणि ती आज्ञा कोणी, केव्हा दिली, याची नोंद मागे राहते.