परवाना कुणाच्या खिशात?

सप्टेंबर २०२४ मध्ये औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये इस्रायलसाठी बांधकाम मजुरांची भरती झाली. कामं चार होती: शटरिंग, लोखंड वाकवणं, प्लास्टर आणि सिरॅमिक फरशी. निवड झालेल्याला महिन्याला साधारण १ लाख ९२ हजार रुपये मिळतील, असं सांगण्यात आलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात झालेल्या कराराखालची ही दुसरी फेरी. पहिल्या फेरीत दहा हजारांहून अधिक मजुरांची निवड झाली होती. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर इस्रायलनं पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद केले, तिथली बांधकामं अडली आणि त्या रिकाम्या जागांवर आपल्याकडची माणसं जायची होती.

औंधहून मुळा ओलांडून वाकडच्या बाजूला निघा. तिथल्या टॉवरवर हीच चार कामं चालू असतात आणि ती करणारेही परगावचेच असतात. सेंट्रिंगला मालदा-मुर्शिदाबादची पोरं, फरशीला राजस्थान-उत्तर प्रदेशची, बिगारीला कटिहार-पूर्णियाची किंवा लातूर-नांदेडची. या गर्दीत सीमेपलीकडून, म्हणजे बांगलादेशातून आलेलेही आहेत, हे पोलिसांच्या कारवायांमधून वेळोवेळी दिसतं. ऑक्टोबर २०२४ मध्येच, औंधची भरती संपून महिनाही झाला नव्हता तेव्हा, रांजणगाव एमआयडीसी परिसरात २१ बांगलादेशींना अटक झाली. त्यातल्या काहींकडे आधार कार्डंही सापडली.

परदेशी मजुराला ठरावीक मुदतीचा कामाचा परवाना द्यावा, तो संपला की त्यानं परत जावं, आणि बिनकागदी आलेल्यांनाही अशा परवान्याखाली आणावं, हा वाद अमेरिकेत आणि युरोपात पिढ्यान् पिढ्या चालला आहे. जॉर्ज बुश यांनी जानेवारी २००४ मध्ये अशीच योजना मांडली आणि त्यांच्याच पक्षातल्या विरोधामुळे ती बारगळली. आपल्याकडे हा विषय सहसा अमेरिकेतल्या मुलांच्या व्हिसापुरता निघतो. पण पुणं या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना उभं आहे.

आपला कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. भारतात नोकरीसाठी परदेशी माणसाला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. त्यासाठीची पगाराची अट वर्षाला १६ लाख २५ हजार रुपयांपेक्षा जास्त अशी ठरलेली आहे. त्यातून सूट आहे ती स्वतःच्या देशाचे पदार्थ रांधणाऱ्या परदेशी आचाऱ्यांना, भाषाशिक्षकांना, दुभाष्यांना, वकिलातीतल्या कर्मचाऱ्यांना. ज्या कामाला भारतीय माणूस सहज मिळतो त्या कामासाठी हा व्हिसा देऊच नये, असाही नियम आहे. चाकणच्या कारखान्यातल्या जर्मन इंजिनिअरला या दारातून येता येतं. गवंड्याला येता येत नाही, मग तो कितीही प्रामाणिकपणे रांगेत उभा राहायला तयार असो. त्याच्यासाठी रांगच नाही.

याच्या नेमकं उलट चित्र नेपाळचं. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारातलं सातवं कलम दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची मुभा देतं. व्हिसा नाही, परमिट नाही, मुदत नाही. म्हणून कोथरूडच्या सोसायटीच्या गेटवर बसलेला नेपाळी वॉचमन कायद्यानं निर्धास्त असतो. (त्याचं खरं नाव सोसायटीत दोघांना माहीत असलं तरी पुष्कळ.) एका शेजाऱ्याला दार सताड उघडं आणि दुसऱ्याला काटेरी तार, मधलं काहीच नाही. हा फरक इतिहासानं आणि राजकारणानं पडला आहे, आणि त्याला कारणंही आहेत: १९७१ चं युद्ध, आसामचं आंदोलन, १९८५ चा आसाम करार आणि त्यात ठरलेली २५ मार्च १९७१ ची तारीख. पण पुण्याच्या साइटवर मजूर लागतो तेव्हा मुकादम यातलं काही बघत नाही.

मधलं काहीतरी असावं, असं म्हणणारे आपल्याकडे झालेच नाहीत असं नाही. ईशान्य भारताचे अभ्यासक संजय हजारिका यांनी ‘राइट्स ऑफ पॅसेज’ या २००० साली आलेल्या पुस्तकात बांगलादेशी मजुरांसाठी कामाच्या परवान्याची कल्पना मांडली. दुसऱ्याच वर्षी, वाजपेयी सरकारच्या काळात, राष्ट्रीय सुरक्षेवरच्या मंत्रिगटाच्या अहवालात नागरिकांना एक आणि नागरिक नसलेल्यांना वेगळ्या रंगाचं ओळखपत्र द्यावं, अशी शिफारस होती. पुढे कुणी ती नेटानं उचलली नाही. सध्या तर महाराष्ट्रातला कुठलाच पक्ष हा विषय जाहीर सभेत काढायचा नाही. काढला तर संध्याकाळपर्यंत त्याला घुसखोरांचा वकील ठरवलं जाईल.

चर्चा न होण्यामागे आणखी एक अडचण आहे. असा करार दोन सरकारांत व्हावा लागतो, आणि आपले नागरिक भारतात मोठ्या संख्येनं बेकायदा राहतात हे ढाक्यानं कधी मान्यच केलेलं नाही. जो प्रश्न अस्तित्वातच नाही त्यावर करार कसा करणार? ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांची सत्ता गेल्यावर तर साध्या व्हिसाचं कामसुद्धा मंदावलं. आपल्या बाजूचे आकडेही विश्वास ठेवण्यासारखे नाहीत. २००४ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत १ कोटी २० लाख हा आकडा दिला आणि टीका झाल्यावर त्यावरून माघार घेतली. २०१६ मध्ये त्याच पदावरच्या दुसऱ्या मंत्र्यांनी सुमारे २ कोटी सांगितले. घुसखोरी चोरून होते म्हणून नेमकी आकडेवारी नाही, हे उत्तरही संसदेतच मिळालेलं आहे. इतक्या लाखांची वजाबाकी इतक्या सहज होते म्हटल्यावर धोरण कशावर आखणार?

परवान्यानं सगळं सुटतं असं मानणाऱ्यांनी अमेरिकेतली ब्रासेरो योजना जरूर वाचावी. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतल्या शेतमजुरांना ४५ लाखांवर करार दिले गेले. मजुरी ठरलेली, परत जाणं ठरलेलं, दोन्ही सरकारांचे शिक्के. पण मजूर ज्या शेतमालकाच्या नावावर आला त्याच्याशीच बांधलेला असे. तक्रार केली की परतीची गाडी. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतले १० टक्के कापून मेक्सिकोतल्या बचत खात्यात ठेवले जात; अनेकांना ते पैसे कधी मिळालेच नाहीत. या योजनेला सर्वांत कडवा विरोध सीझर चावेझ यांच्यासारख्या शेतमजुरांच्या पुढाऱ्यांनी केला, कारण मान वर न करणारा मजूर हाताशी असला की मालक स्थानिकाची मजुरी वाढवत नाही. योजना १९६४ अखेर बंद झाली आणि १९६५ मध्ये डेलानोचा द्राक्षमळ्यांतला संप उभा राहिला.

जर्मनीचा अनुभव वेगळ्या बाजूनं शिकवतो. १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाले. तुर्की कामगारानं दोन वर्षांत परतायचं, त्याच्या जागी नवा यायचा, असं आधी ठरलं होतं. पण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवून नवा शिकवायचा कुणी, असं कारखानदारांनीच म्हटलं आणि १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ मध्ये भरती थांबवली, तर असलेल्यांनी परत जाण्याऐवजी कुटुंबं आणली. त्याच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. त्या तरुणांनी ठरल्या दिवशी परत यावं असं आपल्याला वाटतं का? मनापासून विचारलं तर कुठल्याच आईबापांना वाटत नाही.

नोकरीला बांधलेला व्हिसा म्हणजे काय, हे पुण्यातल्या बऱ्याच घरांना वेगळं समजवायला नको. एच-१बी वरच्या मुलाची नोकरी गेली की नवी शोधायला साठ दिवस मिळतात आणि त्या साठ दिवसांत बाणेरमधल्या आईची झोप उडते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची फी लागली तेव्हा तर गणपतीनंतरच्या आठवड्यांत शहरात दुसरा विषय नव्हता. तो कंपनीच्या हातातला कागद आणि मुकादमाच्या हातातला मजूर यांच्यात पगाराचं अंतर प्रचंड आहे. धाकाची जात मात्र एकच.

मुकादमाचा हिशोब कसा चालतो तेही जवळून पाहण्यासारखं आहे. गावाहून निघताना तो मजुराच्या घरी उचल देतो. इथे आल्यावर रोजची हजेरी वहीत लागते, पण आठवड्याला हातात पडते ती फक्त ‘खर्ची’: तांदूळ, डाळ, तेल, मोबाइलचा रिचार्ज, तंबाखू एवढ्यापुरते पैसे. बाकीची मजुरी वहीत. सणाला गावी जायच्या वेळी हिशोब होतो, उचल वळती होते आणि उरलेले पैसे मिळतात. मधेच मजूर दुसऱ्या साइटवर गेला तर वहीतल्या पैशांवर पाणी सोडायचं. बिल्डरचा व्यवहार ठेकेदाराशी, ठेकेदाराचा उपठेकेदाराशी, त्याचा मुकादमाशी. वरच्या कुणाच्याही कागदावर मजुराचं नाव लागत नाही. ब्रासेरोतल्या १० टक्क्यांची कथा वाचताना खर्चीची वही आठवल्याशिवाय राहत नाही.

ही वागणूक आपल्याच नागरिकांना मिळते. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ पासून २०२५ पर्यंत स्वतंत्र कायदा होता: ठेकेदाराचा परवाना, मजुराचं पासबुक, विस्थापन भत्ता, राहण्याची सोय, सगळं त्यात लिहिलेलं. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले, बहुतेक बिहारमधल्या कटिहारचे. राहण्याची सोय म्हणजे ते पत्रे. २०२० च्या टाळेबंदीत वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले, या प्रश्नावर केंद्रानं त्या सप्टेंबरात लोकसभेत सांगितलं की अशी माहिती उपलब्ध नाही. ज्यांना आपलं म्हणतो त्यांची मोजदाद ही अशी.

म्हणून माझं मत असं की बांगलादेशी मजुराला कामाचा परवाना देण्याची कल्पना तत्त्वतः चुकीची नाही, पण आजच्या पद्धतीत तो मजुराच्या खिशात राहणार नाही, मुकादमाच्या कपाटात जाईल. परवाना माणसाच्या नावे असावा, मालकाच्या नावे नव्हे. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये परदेशी मजुराला एकाच मालकाशी बांधणारी पद्धत रद्द केली आणि तिला आधुनिक गुलामगिरीचा प्रकार म्हटलं. कतारनं २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकतीची गरज काढून टाकली. तिथेही कायद्यामागून वागणूक लंगडतच येते, तरी फरक पडला तो या एका बदलानं.

परवाना नको म्हणणाऱ्यांचा मुद्दाही वजनदार आहे. मराठवाड्यातला भूमिहीन माणूस वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातपासून उभा असताना परदेशी मजुराला काम का द्यायचं? आणि सुरक्षेचं काय? पहिल्याचं उत्तर असं की तो परदेशी मजूर आजही कामावर आहेच. फक्त त्याला कमी मजुरी मागता येते आणि तक्रार करता येत नाही, म्हणून अड्ड्यावरच्या माणसाचा भाव तोच पाडतो. सुरक्षेच्या दृष्टीनं तर बोटांचे ठसे आणि पत्ता नोंदवलेला माणूस बिननोंदीच्या माणसापेक्षा बराच सोयीचा.

पकडून सीमेपार करणं हा सध्याचा एकमेव उपाय आहे, आणि त्याची किंमत आपलीच माणसं मोजतात. जुलै १९९८ मध्ये युती सरकारच्या पोलिसांनी मुंबईतून बांगलादेशी ठरवलेल्यांना रेल्वेनं नेलं, तेव्हा हावड्याजवळ उलुबेरियाला जमावानं त्यांना सोडवून घेतलं. ही बंगालचीच माणसं आहेत, असं तिथे म्हटलं गेलं. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. त्याच वर्षी जुलैत पुण्यात चंदननगरला, कारगिलमध्ये लढलेल्या एका निवृत्त जवानाच्या कुटुंबाच्या दारात रात्री जमाव आला आणि नागरिकत्वाचे पुरावे मागू लागला, अशी तक्रार कुटुंबानं केली. बंगाली बोलणं किंवा मुसलमान असणं हाच पुरावा धरायचा म्हटलं की असंच होणार. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्यात शिक्षा वाढली. मजुरासाठी दार मात्र नाही.

ढाक्याशी करार पुण्याच्या हातात नाही. इथल्या मजुरांची नोंद मात्र आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७९ चा कायदा त्यात विरघळला. स्वतःच्या पायानं आलेला मजूरही आता स्थलांतरिताच्या व्याख्येत बसतो, पण दहापेक्षा कमी असे मजूर असलेला ठेकेदार सुटतो, आणि मुकादमाच्या टोळ्या सहासात जणांच्या करायला काही वेळ लागत नाही. दुसरीकडे बांधकामाच्या खर्चावरचा १ टक्का कामगार उपकर भरताना बिल्डरची फाइल महापालिकेच्या टेबलावर येतेच. जोते तपासणीला आणि भोगवटा पत्राला ती पुन्हा येते. त्या प्रत्येक टप्प्यावर साइटवरच्या मजुरांची नावं आणि त्यांच्या बँक खात्यात जमा झालेल्या मजुरीचा तपशील मागायला नवा कायदा लागत नाही. बिल्डर संघटना खळखळ करतील, मुकादम त्याहून जास्त करतील, आणि त्यांची खळखळ किती टिकते त्यावरून परवान्याची कल्पना इथे चालेल की नाही याचा अंदाज येईल.