रक्त, हाडे आणि कॅल्शियमचा चिमटा

एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात कॅल्शियमवर बोलून आम्ही व्यासपीठावरून उतरलो, तेव्हा एक शिक्षिका वाट पाहत थांबल्या होत्या. त्यांच्या आईला लहानपणी संधिज्वर होऊन गेलेला. त्यात हृदयाची एक झडप निकामी झाली आणि वयाच्या चाळिशीत तिथे कृत्रिम झडप बसवावी लागली. तेव्हापासून गेली वीस-बावीस वर्षे 'रक्त पातळ करण्याची' गोळी रोज चालू आहे. पालेभाज्या वर्ज्य, असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्यांच्या घरातून मेथी, पालक, चाकवत हद्दपार झालेले. दिवाळीच्या आधी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून आई पडल्या आणि मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावे याचे सगळ्यांनाच आश्चर्य वाटले. बाईंनी विचारले, "सर, ह्या गोळ्या नक्की काय पातळ करतात, रक्त की हाडं?"

प्रश्न ऐकून आसपासचे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि आमच्याजवळ त्या वेळी दोन वाक्यांत देण्याजोगे उत्तरही नव्हते. ते येथे सविस्तर देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. पाणी घातलेल्या ताकाशी या प्रकाराचा काहीही संबंध नाही. रक्ताचा दाटपणा होता तेवढाच राहतो. फक्त ते गोठायला जास्त वेळ लागतो. रक्त गोठते ते त्यातील डझनभर प्रथिनांच्या साखळीमुळे. एक प्रथिन दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी तंतूंचे जाळे विणले जाऊन गुठळी होते. या साखळीतील काही महत्त्वाच्या कड्यांना काम करण्यासाठी कॅल्शियम लागते. रक्तपेढीतील पिशवीत रक्त गोठत नाही, याचे कारण हेच. पिशवीत आधीच सायट्रेट घातलेले असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि साखळी सुरूच होत नाही.

आता ही प्रथिने कॅल्शियमला पकडतात कशी? इथे जीवनसत्त्व 'के' येते. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेले अन्न देऊन पाहिले, तेव्हा पिलांच्या कातडीखाली व स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला. अन्नातला कोणता तरी अज्ञात घटक कमी पडत होता. त्याला डाम यांनी १९३५ साली 'के' हे अक्षर दिले, कारण गोठण्याला डॅनिश व जर्मन भाषांत 'कोआग्युलेशन' म्हणतात आणि ते 'क'ने लिहितात. १९४३ चे नोबेल पारितोषिक डाम आणि अमेरिकेचे एडवर्ड डॉइझी यांना या जीवनसत्त्वाबद्दल मिळाले.

त्याच सुमारास अमेरिकेत याच्या नेमकी उलटी गोष्ट घडत होती. बुरसलेला गोड क्लोव्हर, म्हणजे मेथीच्याच कुळातले एक वैरणीचे गवत, खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरत होती. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला, कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. गाडीत मेलेली कालवड, सडलेली वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त! लिंक यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षे खपून १९३९ साली त्या वैरणीतला दोषी पदार्थ वेगळा केला. तोच डायकुमेरॉल. त्याचे एक भावंड वॉरफेरिन १९४८ साली उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून देण्यात येऊ लागले. विषाची मात्रा आणि औषधाची मात्रा यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. आपल्याकडे वॉरफेरिनच्या बरोबरीने त्याच घराण्यातले असिनोकुमेरॉलही खूप वापरले जाते.

ही औषधे जीवनसत्त्व 'के'च्या आड येतात एवढे कळले होते, पण नेमके काय बिघडते हे समजायला १९७४ साल उजाडावे लागले. स्वीडनमधील योहान स्टेनफ्लो आणि अमेरिकेतील नेल्सेस्ट्यून व सटी यांच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी ते शोधले. डायकुमेरॉल दिलेल्या गाईंच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिन असायचे, पण ते कॅल्शियमला धरत नसे. साध्या गाईंच्या प्रोथ्रॉम्बिनशी ताडून पाहता फरक आढळला तो ग्लुटामिक आम्लाच्या काही घटकांत. साध्या ग्लुटामिक आम्लाच्या टोकाला एक कार्बॉक्सिल गट असतो. जीवनसत्त्व 'के'च्या मदतीने एक विकर त्याच जागी आणखी एक कार्बॉक्सिल गट जोडते. एका बोटाने काही उचलता येत नाही, दोन बोटांचा चिमटा झाला की उचलता येते, तसेच हे. दोन ऋणभारित गट शेजारी शेजारी आले की धनभारित कॅल्शियम त्यांच्यात पकडले जाते. प्रोथ्रॉम्बिनमध्ये असे दहा चिमटे असतात.

प्रत्येक चिमटा बनवताना जीवनसत्त्व 'के' वापरले जाऊन निरुपयोगी होते. शरीरात त्याचा साठा अगदी थोडा, म्हणून दुसरे एक विकर त्याला पुन्हा कामाजोगे करते. रहाटाची कल्पना करावी. गाडगी मोजकीच असतात, पण तीच रिकामी होऊन खाली जातात आणि भरून वर येतात. वॉरफेरिन हा रहाट अडवते. यकृत प्रथिने बनवत राहते, पण ती चिमट्यांवाचून रक्तात येतात. पालेभाजी एकदम जास्त खाल्ली तर बाहेरून नवी गाडगी येतात आणि औषधाचा परिणाम कमी होतो. पथ्याचे मूळ हे आहे.

आता हाडांकडे वळू. वर्गात करण्याजोगा एक जुना प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवावे, मधे एकदा व्हिनेगर बदलावे. आम्लाने कॅल्शियमची खनिजे विरघळतात आणि उरते ते कोलॅजेन. हाड रबरासारखे वाकते. दुसरे हाड भट्टीत तापवले तर कोलॅजेन जळून जाते आणि खडूसारखे ठिसूळ खनिज उरते. म्हणजे हाड हे काँक्रीटसारखे दुहेरी आहे, सळ्या प्रथिनाच्या आणि गिलावा कॅल्शियम फॉस्फेटचा. हा गिलावा सळ्यांवर नीट बसायचा तर कॅल्शियमला धरणारे कोणी तरी तिथे हवेच.

तसे एक प्रथिन १९७५-७६ च्या सुमारास हाडात सापडलेही. ते आज ऑस्टिओकॅल्सिन म्हणून ओळखले जाते. अमेरिकेत हौश्का, लिअन व गॅलॉप यांना आणि स्वतंत्रपणे पॉल प्राइस यांना ते मिळाले. त्यावर तीन चिमटे असू शकतात, अगदी रक्तातल्यासारखेच, आणि तेही जीवनसत्त्व 'के'नेच घडवलेले! वॉरफेरिन घेणाऱ्यांच्या रक्तात बिनचिमट्याचे ऑस्टिओकॅल्सिन वाढलेले दिसते. मग तर्क सरळ झाला. रहाट अडवला की रक्ताबरोबर हाडांचेही पाणी तुटणार, हाडे कच्ची होणार, मोडणार. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देऊन आम्ही मोकळे झालो असतो.

वाढत्या हाडाच्या बाबतीत एक पुरावा फार बोलका आहे. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत आईने वॉरफेरिन घेतले, तर काही बाळांचे नाक बसके होते आणि हाडांच्या टोकांशी कॅल्शियमचे ठिपके दिसतात. तेव्हा हे औषध कूर्चा आणि हाडांपर्यंत पोहोचते यात शंका नाही.

पण तर्काला धक्का दिला तो उंदरांनी. १९९६ साली पॅट्रिसिया ड्यूसी, जेरार्ड कार्सेंटी व सहकाऱ्यांनी ऑस्टिओकॅल्सिन अजिबात न बनवणारे उंदीर तयार केले. त्यांची हाडे कमी न होता उलट जास्त भरली! पुढे २०२० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे असे उंदीर तयार केले. त्यांना हाडाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र त्यांतल्या एका गटाला खनिजाच्या स्फटिकांची मांडणी विस्कटलेली दिसली. सळ्यांना समांतर बसण्याऐवजी स्फटिक वेडेवाकडे बसले होते. म्हणजे हाडाचे वजन तेवढेच, पण बांधणी वेगळी. विज्ञानात सुंदर तर्क आणि सिद्ध गोष्ट यांच्यात केवढे अंतर असते, याचा हा चांगला नमुना आहे, आणि आम्ही स्वतः या तर्काच्या प्रेमात बराच काळ होतो हे मान्य करायला हवे.

माणसांतली पाहणी तर आणखी गुंतागुंतीची. गोळी घेणारी माणसे मुळातच वयस्कर आणि आजारी असतात. ती कमी चालतात, उन्हात कमी जातात, 'ड' जीवनसत्त्व कमी, तोल कमी. त्यांची हाडे जास्त मोडली तर दोष गोळीचा की आजारपणाचा? १९९८ आणि १९९९ साली अमेरिकेतल्या दोन पाहण्यांनी परस्परविरोधी उत्तरे दिली. २००६ साली हृदयाची लय बिघडलेल्या हजारो वृद्धांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत एका वर्षाहून अधिक काळ वॉरफेरिन घेणाऱ्यांत हाड मोडण्याची शक्यता सुमारे २५ टक्के जास्त आढळली. पण ही वाढ पुरुषांत ठळक होती, स्त्रियांत जवळजवळ नव्हती, आणि वर्षाच्या आत औषध थांबलेल्यांत दिसलीच नाही.

दरम्यान डॅबिगॅट्रानसारखी नवी औषधे आली. ती रहाटाला हात लावत नाहीत. साखळीतल्या एकाच कडीला थेट अडवतात. त्यामुळे तुलना थोडी न्याय्य झाली, कारण आता दोन्ही गट सारखेच आजारी. हाँगकाँगमधल्या आठ हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ साली जे प्रसिद्ध झाले त्यानुसार, दर १०० रुग्णांमागे वर्षाला हाडे मोडण्याच्या घटना वॉरफेरिनवर १.१ आणि डॅबिगॅट्रानवर ०.७ होत्या. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. '३६ टक्के कमी' असे म्हटले की कान टवकारतात. 'हजारांत ११ ऐवजी ७' म्हटले की तेच आकडे शांतपणे बोलतात. दोन्ही विधाने खरीच आहेत. पुढच्या पाहण्यांचा कलही साधारण याच बाजूचा आहे. तेव्हा आमचे मत असे, की वॉरफेरिनमुळे हाडांना थोडी झीज पोहोचत असावी, पण केवळ त्यामुळे हाड मोडले असे एका व्यक्तीबद्दल कोणालाच सांगता येणार नाही.

हाडांचे खरे नुकसान करणारे औषध दुसरेच आहे, हेपॅरिनचे इंजेक्शन. त्याचा जीवनसत्त्व 'के'शी संबंध नाही. ते हाड बांधणाऱ्या पेशींना मंदावते आणि हाड पोखरणाऱ्यांना वाव देते. महिनोन्‌महिने हेपॅरिन घेतलेल्यांत हाडे विरळ होतात हे १९६५ पासून ठाऊक आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील नोंदींत, गरोदरपणी ते दीर्घकाळ घेतलेल्या १८४ स्त्रियांपैकी चौघींचे मणके दबले होते. आज वापरात असलेली लहान रेणूंची हेपॅरिने या बाबतीत पुष्कळ सौम्य आहेत. दवाखान्यात चार-सहा दिवस घेतलेल्या इंजेक्शनांची तर चिंताच नको.

मग नवे औषध का घेऊ नये? बाईंनीही हे विचारले होते. कृत्रिम झडपेवर गुठळी धरते ती वेगळ्या रीतीने, आणि तिथे नवी औषधे अपुरी पडतात. अशा झडपा असलेल्यांवर डॅबिगॅट्रान देऊन पाहणारी चाचणी २०१२ साली मध्येच थांबवावी लागली, कारण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. संधिज्वराने झडपा बिघडून हृदयाची लय चुकलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांची, भारतासह अनेक देशांत झालेली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीतही वॉरफेरिनच्या घराण्यातली जुनी औषधेच सरस ठरली. आपल्याकडे संधिज्वर अजून आहे. शाळकरी मुलांचा दुखरा घसा हे त्याचे सुरुवातीचे दार, आणि शिक्षकांइतके त्या दाराशी जवळ कोणीच नसते. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेली, १९९० साली प्रथम बसवली गेलेली देशी झडप अनेकांचा प्राण वाचवून गेली. पण झडप आली की गोळी जन्मभराची.

गोळी आपल्या मनाने बंद करणे हा यातला सर्वांत धोक्याचा मार्ग. मोडलेले मनगट दीड महिन्यात जुळते. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. पालेभाजीही सोडायची नसते. रोज किंवा ठरल्या दिवशी साधारण सारख्याच प्रमाणात खावी, आणि आयएनआर तपासून डॉक्टरांनी गोळीची मात्रा त्या आहाराला जुळवून द्यावी. आठवडाभर भाजी बंद आणि श्रावणात एकदम रोज अळूचे फदफदे, हे मात्र नको. 'के'च्या गोळ्या, काढे आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डोक्यावर पडल्यास वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाईंचे नंतर पत्र आले. आईच्या हाडांची घनता मोजली, ती कमी निघाली. 'ड' जीवनसत्त्व तर फारच कमी होते. अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यावर उपचार सुरू केले. गोळी चालूच आहे. मोरीचा उंबरा गवंड्याकडून काढून घेतला, आणि मंगळवारी व शुक्रवारी एक वाटी पालेभाजी होते, ती आई वहीत लिहून ठेवतात.