शेवटचा अंक कशासाठी?

राजगुरुनगरच्या कुठल्याही किराणा दुकानातून बिस्किटाचा पुडा आणा आणि त्यावरच्या काळ्या उभ्या रेघांखालची संख्या वाचा. ती तेरा अंकी असते. नमुन्यादाखल 8901234567890 ही संख्या घेऊ. आठ लाख नव्वद हजार कोटींहून मोठी असली, तरी ती बरोबर लिहिली आहे का, हे अर्ध्या मिनिटात तपासता येते.

डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरचे अंक मिळवले की 28 होतात. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज 34. तिला 3 ने गुणले की 102. एकूण 130. त्याला 10 ने निःशेष भाग जातो, म्हणजे हिशेब जुळला. तो जुळावा म्हणूनच शेवटचा अंक ठरवलेला असतो. त्याला पडताळणी अंक म्हणतात.

गुणायचे ते 3 नेच का? 2 ने गुणले असते, तर 0 च्या जागी 5 पडूनही बेरीज बरोबर 10 ने वाढली असती आणि चूक निसटली असती. 3 आणि 10 यांना 1 खेरीज सामाईक विभाजक नाही. त्यामुळे कुठलाही एक अंक चुकला तरी तो पकडला जातो. मात्र शेजारचे 2 आणि 7 उलटसुलट झाले, तर बेरीज 10 नेच बदलते आणि ही पद्धत फसते.

ही उणीव डच गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी 1969 मध्ये मांडलेल्या पद्धतीत नाही. आधार क्रमांकाचा बारावा अंक याच पद्धतीने ठरतो. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर संगणक तो क्रमांक नाकारू शकतो.

आपल्या मोबाइल नंबरात मात्र असा राखणदार अंक नाही. केसपेपरच्या खिडकीवर गर्दीत एक अंक चुकला, तर रक्ताचा रिपोर्ट मुकाट्याने भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. रुग्ण वाट पाहत राहतो आणि वाढलेली साखर उपचाराविना राहते. शिवाय पडताळणी अंक फक्त लिहिण्यातली चूक सांगतो. क्रमांक अचूक, पण शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा असेल, तर गणित गप्प बसते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सुचवले, की रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी आणि खोलीचा नंबर त्यात धरू नये. रक्त देताना, रक्त चढवताना, इंजेक्शन घेताना पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतःहून सांगा. मोबाइल नंबर दिल्यावर समोरच्याकडून तो परत वाचून घ्या. रिपोर्ट हाती आला की आकड्यांआधी त्यावरचे नाव आणि वय पाहा.